रोजची पित्ताची गोळी आणि पोटातले जिवाणू: फॉरवर्ड बाजूला ठेवून बोलू या

मालदांडी

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड फिरला. ‘पित्ताच्या गोळ्या पोटातले चांगले जिवाणू मारतात, आजपासून बंद करा, दहा जणांना पाठवा.’ एका काकांनी तो मनावर घेतला आणि पॅन्टोप्राझोल ही त्यांची पित्ताची गोळी परस्पर थांबवली. काकांची अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू. या दोन गोळ्यांवरच्या माणसाला जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणूनच ती तिसरी दिलेली असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काकूंनी वेळेत फोन केला, त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, गोळी परत सुरू झाली.

फॉरवर्ड निखालस खोटा असता तर प्रश्न मिटला असता. पण त्यात थोडं तथ्य आहे, फक्त ते भलत्याच जागी आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, औषधं देणं माझं काम नाही. तेव्हा जिवाणूंचं मी लिहिते, औषधाचं इथल्या डॉक्टर मंडळींनी लिहावं.

जठराच्या अस्तरातल्या काही पेशींत आम्ल बाहेर सोडणारा एक पंप असतो. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, एसोमेप्राझोल, म्हणजे पित्ताच्या औषधांतली शेवटी ‘प्राझोल’ असलेली मंडळी हा पंप बंद पाडतात. यातलं पहिलं, ओमेप्राझोल, १९८८ साली बाजारात आलं. गंमत म्हणजे ही गोळी जठरात पडून तिथल्या तिथे काम करत नाही. आम्लात ती नासते, म्हणून तिला वरून आवरण असतं. ती लहान आतड्यात विरघळते, रक्तात जाते आणि रक्तातून फिरून जठराच्या पेशींकडे येते. तिथला पंप त्या वेळी चालू असेल तरच ती त्याला चिकटते, आणि चिकटली की सुटत नाही. काही तासांत ती रक्तातून नाहीशी होते, पण शरीर नवे पंप बनवेपर्यंत परिणाम राहतोच.

आता जिवाणू. आम्लता पीएच या मोजपट्टीवर मोजतात; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. उपाशीपोटी जठराचा पीएच १.५ ते २ च्या आसपास असतो. पीएच ३ च्या खाली असला की गिळलेले बहुतेक जिवाणू पाव तासात मरतात. गोळी चालू असताना दिवसाचा बराच वेळ पीएच ४ च्या वर राहतो. २ आणि ४ हा फरक किरकोळ वाटतो, पण ही मोजपट्टी दसपटीची आहे; आम्ल शंभर पटींनी कमी झालेलं असतं. आपण रोज साधारण लिटरभर लाळ गिळतो आणि तिच्यात तोंडातले कोट्यवधी जिवाणू असतात. एरवी ते जठरात संपतात. गोळी चालू असली की त्यातले बरेच पुढे जिवंत पोचतात.

म्हणजे गोळी जिवाणूंना मारते हे उलटंच झालं. जे मरायला हवे होते, त्यांना ती जगू देते.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. २०१६ साली ‘गट’ (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात दोन मोठे अभ्यास आले. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने १८१५ लोकांच्या विष्ठेचे नमुने तपासले, त्यातले २११ जण ही औषधं घेणारे होते. घेणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता कमी होती आणि स्ट्रेप्टोकॉकस, एन्टेरोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय यांचं प्रमाण वाढलेलं होतं. तोंडात राहणारे रोथियासारखे जिवाणू विष्ठेत सापडत होते. दुसरा अभ्यास ब्रिटनमधल्या १८०० हून अधिक जुळ्यांवरचा. एक भावंड गोळी घेणारं आणि दुसरं न घेणारं अशा जोड्याही त्यात होत्या, म्हणजे घर आणि रक्त एकच. कल तिथेही तोच दिसला.

ग्रोनिंगेनच्या लोकांचं एक निरीक्षण मला वर्गात सांगायला फार आवडतं. एका माणसाचं बघितलं तर प्रतिजैविकांचा (अँटिबायोटिक्सचा) घाव मोठा असतो, पण संपूर्ण लोकसंख्येचा विचार केला तर या औषधांचा ठसा प्रतिजैविकांपेक्षा ठळक दिसतो. प्रतिजैविक आपण पाच दिवस घेतो. ही गोळी लोक वर्षानुवर्षं घेतात.

नवीपेठ_मेडिकल

काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो. माणूस येतो, रिकामी स्ट्रिप पुढे सरकवतो आणि ‘हीच द्या’ म्हणतो. चिठ्ठी कधीची, कुणाची, पत्ता नाही. ही शेड्यूल एच मधली औषधं आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. पण मी नाही म्हटलं तर शेजारचा देतो, हे सगळ्यांना माहीत आहे. जानेवारीत आपल्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा लागली की खप वाढतो. मटणाच्या आधी ‘सेफ्टी’ म्हणून एक गोळी घेणारे तर आहेतच.

आणि निम्मे लोक जेवणानंतर घेतात. मालदांडी ताईंनी लिहिलंय ना, पंप चालू असताना गोळी रक्तात हवी. म्हणून सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. जेवल्यावर घेतली की परिणाम कमी, मग ‘एकाने भागत नाही’ म्हणून लोक दोन घेतात.

दुसरं म्हणजे नावापुढे ‘डी’ असलेली गोळी. त्यात डॉम्पेरिडोन असतं, मळमळीचं औषध. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर त्याचा परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ सालीच सांगितलं की हे फक्त मळमळ-उलटीसाठी, आणि साधारण आठवड्याच्या वर नको. आपल्याकडे ती महिन्याच्या किराणा यादीत असते.

विडीघरकुलवाला

ताई, लई सोपं करून सांगितलंत. म्हणजे नाक्यावरचा शिपाईच झोपवला म्हणा की.

आता माझं ऐका. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतंय. पिंपात भरून ठेवतो, तेच पितो. मला लई दिवसापास्नं गोळी चालू हाय, पॉवरलूमवर रातपाळी, च्या आणि तंबाखू, काय सांगायचं. आता सारखं पोट बिघडलालंय. ही गोळीची करामत का पाण्याची?

मालदांडी

शिपाई झोपवला, बरोबर. तुमचं पोट कशाने बिघडतंय हे इथे बसून सांगता येणार नाही, दादा. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना हात देतात एवढं नक्की. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, कॉलऱ्याचा जिवाणू, हे सगळे आम्लाला नाजूक. आम्ल असेल तर आजारी पडायला त्यांची मोठी संख्या पोटात जावी लागते. आम्ल नसेल तर थोडक्यात भागतं.

हे तसं फार जुनं ज्ञान आहे. १८९२ साली म्युनिकमध्ये माक्स फोन पेटेनकोफर या बड्या शास्त्रज्ञाने, कॉलरा नुसत्या जिवाणूने होत नाही हे सिद्ध करायला, चक्क कॉलऱ्याचे जिवाणू असलेलं द्रावण पिऊन दाखवलं. आणि ‘तुमच्या पोटातल्या आम्लाने ते मेले’ असं कुणी म्हणू नये म्हणून त्याने आधी सोडा घेऊन आम्ल शमवलं! त्याला थोडे जुलाब झाले, निभावलं. हा प्रयोग घरी करू नये.

तुमच्यासाठी: पिण्याचं पाणी उकळून वेगळ्या झाकणाच्या भांड्यात, आणि काढायला दांड्याचं ओगराळं. पिंपात तांब्या बुडवायचा नाही, हात तर नाहीच. पिंप प्रत्येक भरणीच्या आधी घासून. गोळी घेणाऱ्या माणसाच्या घरी हे जास्तच पाळायचं. आणि जुलाबात रक्त, ताप किंवा वजन उतरणं असलं तर आधी सिव्हिलला दाखवा, मग इथे लिहा.

ओपीडी_संपेना

फिजिशियन आहे, सोलापुरातच. धागा चांगला आहे, पण घाबरून गोळ्या बंद करणारे उद्या माझ्याकडेच येणार, म्हणून लिहितो.

निरीक्षणात्मक, म्हणजे औषध स्वतः न देता नुसत्या नोंदी बघणाऱ्या अभ्यासांतून या औषधांवर मूत्रपिंड, स्मृतिभ्रंश, न्यूमोनिया, हाडं मोडणं, असे बरेच आरोप झाले. त्यात अडचण अशी की ज्यांना ही औषधं लिहून दिली जातात ते मुळातच जास्त आजारी असतात. मग २०१९ साली कंपास चाचणीचे निकाल आले. हृदयविकाराचे १७,५९८ रुग्ण, निम्म्यांना पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी, साधारण तीन वर्षं. बाकीच्या आरोपांपैकी काही टिकलं नाही. एकच गोष्ट ठळकपणे जास्त निघाली: आतड्याचे संसर्ग, १.० टक्क्याऐवजी १.४ टक्के. मालदांडी जे यंत्रणेच्या बाजूने सांगतायत तेच रुग्णांच्या बाजूने दिसलं. वाढ खरी आहे आणि लहान आहे, दोन्ही लक्षात ठेवा. अर्थात ती चाचणी पिंपातल्या पाण्यावर झालेली नव्हती.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल नावाचा एक जिवाणू आहे. प्रतिजैविकांनंतर, विशेषतः इस्पितळात राहिलेल्या वयस्कांत तो चिवट जुलाब घडवतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१२ साली या गोळ्यांच्या संदर्भात त्याबद्दल इशारा दिला. कंपासमध्ये असे रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे त्यातून निकाल लागला नाही.

आणखी एक गट म्हणजे लिव्हर सिरोसिस. यांच्या आतड्यातले जिवाणू आजारामुळे पोटात साठलेल्या पाण्यात उतरून संसर्ग करतात, तिथे ही गोळी नक्की कारण असल्याशिवाय मी देत नाही.

शेंगाचटणी

वाचतेय. माझ्या आईचं विचारायचं होतं. आईला एका इस्पितळात दुसऱ्याच कारणासाठी ॲडमिट केलं होतं, तिथे शिरेतून हे औषध चालू केलं. डिस्चार्ज कार्डावर गोळी आली आणि ती आजतागायत चालू आहे. कधी थांबवायची हे कार्डावर नाही, आम्हीही विचारलं नाही. मध्ये एकदा बंद केली तर तिसऱ्या दिवशी अशी जळजळ की आई म्हणाली, बघ, मला लागतेच ही गोळी.

आणि दही-ताकाने हे जिवाणूंचं नुकसान भरून निघतं का? आमच्याकडे तर रोज दही.

ओपीडी_संपेना

तुमच्या आईसारखे रुग्ण मी आठवड्यात ढिगाने बघतो. इस्पितळात सुरू झालेली गोळी कुणीच थांबवत नाही. ज्याने सुरू केली त्याला रुग्ण परत दिसत नाही आणि पुढच्याला वाटतं काही कारण असेल. आमच्या धंद्यातला हा आळस आहे, दुसरं काही नाही.

ती जळजळ म्हणजे गोळीची गरज सिद्ध झाली असं नाही. आम्ल दाबलं की शरीर गॅस्ट्रिन, म्हणजे आम्ल काढायला सांगणारं संप्रेरक, वाढवतं. गोळी एकदम काढली की तो वाढलेला गॅस्ट्रिन काही आठवडे जास्तीचं आम्ल काढायला लावतो. डेन्मार्कमध्ये २००९ साली एक सुंदर प्रयोग झाला: पोटाचा काहीही त्रास नसलेली १२० निरोगी माणसं घेतली, अर्ध्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल दिलं आणि मग गुपचूप थांबवलं. पुढच्या महिन्यात त्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ वगैरे झाली. ज्यांना औषध दिलंच नव्हतं त्यांच्यात १५ टक्के. म्हणजे औषधाने निरोगी माणसाला औषधाचं गिऱ्हाईक केलं.

म्हणून उतरवायची ती हळूहळू. डोस निम्मा, मग एक दिवसाआड, मधल्या दिवशी लागली तर फॅमोटिडिन ही आम्ल कमी करणारी दुसऱ्या जातीची गोळी किंवा चघळायची अँटासिड. पण आधी डॉक्टरला विचारून, कारण काही जणांनी उतरवायचीच नसते: ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल दोन्ही घेणारे, अल्सरमधून रक्त गेलेले, सांधेदुखीच्या गोळ्या कायम घेणारे वयस्क, अन्ननलिकेला खोल जखमा किंवा तिच्या अस्तरात बॅरेट्स नावाचा बदल असलेले.

मालदांडी

दह्याबद्दल मी बोलते. दही खा, उत्तम अन्न आहे. कडक भाकरीचा तुकडा मोडून वाडग्यात टाकायचा, वर दही, शेंगाचटणीची चिमूट आणि चटणीच्या कडेने सुटलेलं तेल. भाकरीची वरची बाजू भिजलेली आणि आतून अजून कुरकुरीत असते त्या मिनिटाला खायचं. पण विरजणातले जिवाणू आतड्यात घर करत नाहीत, बहुतेक पाहुण्यासारखे येऊन जातात. गोळीमुळे झालेला बदल दह्याने किंवा प्रोबायोटिकच्या महागड्या पुड्यांनी पूर्ववत होतो असं म्हणायला भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना काय खायला मिळतं ते जास्त महत्त्वाचं. ज्वारी, हुलगे, मटकी, पालेभाजी, यांतले तंतू आपल्याला पचत नाहीत, त्यांना पचतात. या बाबतीत आपल्या भागाचं ताट पुण्याच्या बेकरीपेक्षा बरं आहे, हे पुण्यातल्या मंडळींनी मनावर घेऊ नये.

सातरस्ता

एक शंका. ऑनलाइन ‘गट मायक्रोबायोम टेस्ट’, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी, मिळते, विष्ठेचा नमुना कुरिअरने पाठवायचा. गोळीने किती वाट लागली ते त्यातून कळेल ना?

दुसरं, एका मित्राने सांगितलं की औषधं थेट जिवाणूंनाही मारतात. मग मूळ धाग्यातलं ‘मारत नाही’ कसं?

मालदांडी

टेस्ट: पैसे वाचवा. निरोगी माणसात काय प्रमाण असावं याची सर्वमान्य मर्यादा अजून ठरलेली नाही. रंगीत आलेख येईल, खाली त्याच कंपनीच्या पूरक पुड्यांची यादी येईल, आणि तुमचा डॉक्टर त्याचं काहीही करू शकणार नाही.

दुसरा प्रश्न चांगला आहे. २०१८ साली ‘नेचर’मध्ये हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलेक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीच्या लोकांनी हजाराहून जास्त औषधं आतड्यातल्या ४० जिवाणूंवर प्रयोगशाळेत, शरीराबाहेर, तपासली. प्रतिजैविक नसलेल्या, माणसाच्या पेशींवर काम करणाऱ्या औषधांपैकी २४ टक्क्यांनी किमान एका जिवाणूची वाढ रोखली. तेव्हा मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये. पण माणसांच्या नमुन्यांत जे चित्र दिसतं, तोंडाचे जिवाणू खाली पोचणं, ते आम्ल कमी झाल्याने सरळ उलगडतं. शिवाय ‘वाट लागली’ हा निष्कर्ष घाईचा आहे. २०१५ साली १२ निरोगी स्वयंसेवकांना हीच औषधं देऊन पाहिली, तेव्हा विविधतेत मोठा फरक पडला नाही. काही कुळं वाढली, काही घटली, एवढंच. डिफिसाइलच्या रुग्णांत दिसतात तशाच दिशेने ते बदल होते, म्हणून त्याची दखल घेतात.

होटगीरोडकर

रॅनिटिडिन या जुन्या पित्ताच्या गोळीचं काय झालं हो? आमच्या लहानपणी तीच होती. स्वस्त, मस्त.

नवीपेठ_मेडिकल

त्यात एनडीएमए नावाचा संभाव्य कर्करोगकारक सापडला, साठवणीत ते वाढतं असं निघालं. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली. आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ती २०२२ मध्ये वगळली. त्याच जातीची फॅमोटिडिन आहे, तिच्यात ही भानगड नाही. फक्त रोज घेतली तर दोनेक आठवड्यांत शरीर सरावतं आणि असर उतरतो. अधूनमधून घ्यायला चांगली.

ओपीडी_संपेना

दोन गोष्टी राहिल्या.

एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी. हा जठरातच राहणारा जिवाणू अल्सर करतो, त्याच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. वारंवार त्रास असेल तर त्याची श्वासाची किंवा विष्ठेची तपासणी करतात. पण पित्ताची गोळी त्यालाही दाबून ठेवते, त्यामुळे गोळी चालू असताना तपासणी केली तर तो असूनही ‘नाही’ येऊ शकतो. गोळी दोन आठवडे आधी आणि प्रतिजैविकं चार आठवडे आधी बंद असावी लागतात. अर्थात ज्यांनी थांबवायची नाही त्यांनी डॉक्टरला आधी सांगा. विडीघरकुलवाले, तुम्ही ही तपासणी विचारून घ्या. तंबाखूचं काय ते तुम्हाला माहीतच आहे.

दोन, बी-१२. अन्नातल्या प्रथिनापासून बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं. कॅलिफोर्नियातल्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांहून जास्त गोळी घेतलेल्यांत त्याच्या कमतरतेची शक्यता सुमारे ६५ टक्के जास्त आढळली. आता आपल्याकडचा नमुनेदार रुग्ण बघा: शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, आणि वर रोजची पित्ताची गोळी. तिन्ही बाजूंनी बी-१२ खाली. पायाला मुंग्या येतात, आणि त्या मधुमेहाच्या खात्यावर मांडल्या जातात.

शेंगाचटणी

आईचं सगळं हेच आहे. मेटफॉर्मिनसुद्धा. बी-१२ उद्याच करून घेते. आणि सकाळी ती थायरॉईडची गोळी पण घेते, पित्ताच्या गोळीबरोबरच, एकाच पाण्याने. चालतं का?

ओपीडी_संपेना

थायरॉक्सिन, म्हणजे ती थायरॉईडची गोळी, नीट शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं, त्यामुळे दोन गोळ्यांमध्ये तासाभराचं अंतर ठेवून प्रश्न पूर्ण सुटत नाही. आम्ल तर दिवसभर कमीच असतं. थायरॉक्सिन उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, पित्ताची त्यानंतर आणि नाश्त्याच्या अर्धा तास आधी. आणि हे महत्त्वाचं: पित्ताची गोळी उतरवायला घेतलीत तर थायरॉक्सिन जास्त शोषलं जाऊन डोस भारी पडू शकतो. गोळी थांबल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी पुन्हा करा, आणि दोन्ही रिपोर्ट एकाच डॉक्टरला दाखवा.